दोन घावांमधलं वाक्य

तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी किती खोटं लिहू?

प्रश्न उद्धट वाटेल. पण तो आधी मला विचारला गेला आहे, फक्त गोड शब्दांत. गेल्या हिवाळ्यात एका मासिकाच्या संपादकांनी माझं लिखाण परत देताना म्हटलं, "धग आहे तुमच्यात. पण आपला वाचक कोण, हे ध्यानात ठेवून लिहायला शिका." त्यांचा वाचक कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तो खुर्चीत बसतो, कपात चहा घेतो आणि एकटाच मनातल्या मनात वाचतो. माझा वाचक कोण, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणून सांगते.

मी भिंतीवर वाचायला शिकले. वाशीमला, अकोल्याला, कुठंही सभा असली की बा जायचा आणि येताना पत्रकं घेऊन यायचा. गुलाबी, पिवळी, पातळ कागदाची. ज्वारीच्या पिठाची खळ शिजवून तो ती आतल्या भिंतीला चिकटवायचा. एक तर मातीचे पोपडे पडायचे थांबायचे, आणि दुसरं म्हणजे, बा म्हणायचा, "घरात अक्षर पाह्यजे." त्याला स्वतःला जेमतेम वाचता यायचं. संध्याकाळी तो मला भिंतीपुढं उभी करायचा आणि म्हणायचा, "वाच." शाळेच्या पुस्तकात कमळ होतं, बदक होतं. आमच्या भिंतीवर 'जागे व्हा!' होतं, 'चलो!' होतं, 'प्रचंड जाहीर सभा!' होतं. पूर्णविरामाच्या आधी मी उद्गारचिन्ह शिकले.

त्यामुळे बहात्तरच्या दुष्काळात, जेव्हा खरंच काही लिहायची वेळ आली, तेव्हा माझ्या हातून काय उतरणार होतं ते ठरलेलंच होतं.

दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता. बा कामाच्या शोधात अकोल्याकडं गेला होता. अनसिंगच्या रस्त्याला सरकारनं खडी केंद्र काढलं होतं आणि आमच्या गावच्या निम्म्या बाया तिथं दगड फोडायला जायच्या. त्यात माझी माय होती. मी वाशीमच्या कॉलेजातून सुट्टीत घरी आले होते. आमच्या वस्तीतल्या बौद्ध बाया आणि गावातल्या शेतकऱ्यांच्या बाया एकाच ढिगाभोवती बसायच्या. ऊन एकच होतं, हातोड्या एकसारख्या होत्या. फरक होता तो निंबाखालच्या रांजणापाशी. गावातल्या बाया तिथला गिलास आपल्या हातानं बुडवून पाणी घ्यायच्या. आमच्या बायांनी वाकून ओंजळ धरायची आणि पाणी पाजायला बसवलेल्या बाईनं डबड्यातून वरून धार सोडायची. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

एका दुपारी ती पाणी पाजणारी बाई जागेवर नव्हती. मायनं थोडी वाट पाहिली. मग तिनं आपल्या हातानं गिलास बुडवला आणि पाणी प्याली.

मुकादमानं पाहिलं. संध्याकाळी हजेरी घेताना तो म्हणाला, "ए बाई, उद्यापासून तुहं नाव नाही."

नाव गेलं म्हणजे मजुरी गेली. कामावर खायला मिळणारी सुकडी माय पदरात बांधून धाकट्या भावंडांसाठी आणायची, तीही गेली. माय घरी आली, हातोडी कोपऱ्यात ठेवली आणि झालं ते तिनं एका वाक्यात सांगितलं. रडली नाही. माझे मात्र हात शिवशिवायला लागले. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं.

आमच्याकडं रिवाज होता. विहार म्हणजे तेव्हा चार भिंती आणि वर टिनपत्रे. तिथं संध्याकाळची वंदना झाली की कुणाकडं जो कागद आला असेल तो मोठ्यानं वाचायचा. पत्रक असो, वर्तमानपत्राचा तुकडा असो. वाचणारा एक, ऐकणारी अख्खी वस्ती. दुसऱ्या दिवशी वंदनेनंतर मी उभी राहिले आणि वाचलं:

"युगानुयुगांच्या दास्यशृंखलांत जखडलेल्या भगिनींनो! शोषित स्त्रीशक्तीच्या मूलभूत जलाधिकाराचे निर्दालन करणाऱ्या विषमतावादी प्रवृत्तींचा मूलोच्छेद करण्यास सिद्ध व्हा!"

असं पानभर. माझा आवाज टिनपत्र्यावर आदळून परत येत होता. समोर बाया डोळे मिटून, हात जोडून बसल्या होत्या. मी शेवटचं उद्गारचिन्ह वाचलं, आणि सगळ्यांनी एका आवाजात, वंदनेनंतर म्हणतात तसं, म्हटलं,

"साधू! साधू! साधू!"

आणि जोडलेले हात कपाळाला लावून उठू लागल्या.

"थांबा ना," मी म्हणाले. "काय समजलं?"

"चांगलं वाचलं पोरीनं," पुढं बसलेली म्हातारी मावशी म्हणाली. "आवाज खनखनीत हाये."

"पण समजलं काय, मावशी?"

"अवं, समजाचं कायले? गाथाच ना थ्या? गाथा आयकाची अस्ते."

बाया हसल्या. मायही हसली. घरी येताना तिनं हळूच विचारलं, "माहं नाव होतं काय वं त्याच्यात?"

"होतं ना. शोषित स्त्रीशक्ती म्हंजे तूच."

"मंग माहंच नाव घ्याले काय झालतं?"

इथं कुणाला वाटेल की मला लाज वाटली. नाही वाटली. ती जड भाषा आमच्या माणसांनी हक्कानं अंगावर चढवली होती, कोटासारखी. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या चांगलं कापड अंगाला लावू दिलं नाही, त्यांनी कोट घातला तर त्याला हसायचं नसतं, आणि मी कुणाला हसू देणार नाही. पण कोट घालून खडी फुटत नाही, एवढं त्या रात्री मला कळलं. बाया पाली गाथेसारखं माझं पत्रक ऐकत होत्या. श्रद्धेनं. आणि मला श्रद्धा नको होती. मला मायचं काम परत पाहिजे होतं आणि रांजण पाहिजे होता.

वाशीममध्ये एक छापखाना होता. त्याचे मालकच एक छोटं साप्ताहिक काढायचे. भला माणूस. आमच्या वस्तीतल्या पोरांना पुस्तकं द्यायचे, समतेवर भाषणं करायचे. मी पहिल्या मोटारीनं त्यांच्याकडं गेले. त्यांनी माझा कागद वाचला, मान हलवली, मला समोर बसवलं.

"विषय खरा आहे," ते म्हणाले. "पण हे असं छापलं तर वाचणार कोण? माझं साप्ताहिक कोण घेतं, माहीत आहे? बाजारातले व्यापारी, कोर्टातले वकील, गावोगावची मोठ्या जमिनीवाली मंडळी."

"मग त्यांनी वाचावं, सर."

"वाचतील. त्यांच्या गळी उतरेल असं असलं तर. तसं झालं, तर त्यांच्यातलाच एखादा तहसीलदारांच्या कानावर घालेल आणि तुझ्या आईचं काम होईल. नाही उतरलं, तर तू बरोबर राहशील आणि आई घरी राहील. तुला काय पाहिजे? आईचं काम की तुझं वाक्य?"

त्यांनी तांबडी पेन्सिल घेतली आणि माझ्या कागदाच्या मागं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं. दुष्काळी कामावरील पाणीवाटपाच्या वेळी अनवधानाने झालेल्या स्पर्शामुळे गैरसमज निर्माण होऊन एका गरीब मजूर स्त्रीस काम गमवावे लागले आहे. संबंधितांनी उदार अंतःकरणाने तिला क्षमा करून पुन्हा कामावर घ्यावे.

"अंक शनिवारी निघतो. गुरुवारपर्यंत हो म्हण," ते म्हणाले.

परतीच्या मोटारीत मी तो कागद दहादा वाचला. भाषा स्वच्छ होती. एकही उद्गारचिन्ह नव्हतं. वाचणारा कुठं ठेचकाळणार नाही असं गुळगुळीत लिहिलं होतं. आणि खरं सांगते, मला वाटलं, छापू द्यावं. धाकटी पोरं सुकडीची वाट पाहत दारात बसायची. माझ्या वाक्याचं काय, ते पुन्हा लिहिता येईल.

माय चुलीपुढं बसून मिलोच्या भाकरी थापत होती. रेशनवर मिळायची ती तांबडी परदेशी ज्वारी. थापताना कडा फुटायच्या. मी तिला कागद वाचून दाखवला.

"अनवधानानं म्हंजे?"

"ध्यान नसताना. चुकून."

मायचा हात भाकरीवर थांबला. "चुकून? कोन चुकलं?"

"तू. म्हंजे त्याईनं तसं लिहिलं."

"अवं, मी तं आंधी वाट पाह्यली. मंग इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. मंग पदर खोचला, वाकली, अन् गिलास बुडवला. येवढं सारं करून चुकून कसं होईन?"

मी कागदाची घडी घालू लागले.

"अन् थे पुढं काय हाये? क्षमा?"

"माफी. गाववाल्याईनं तुले माफ करावं, असं."

तिनं भाकर तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "त्याईले सांग, मी तुमाले अजून माफ नाई केलं मनाव."

"माय, हसण्यावारी नको नेऊ. हे छापलं तं काम भेटू शकते."

"भेटन. मंग परवा तहान लागली तं? रोज चुकू काय मी?"

छापखान्यातला प्रश्न होता, आईचं काम की तुझं वाक्य. वाक्य माझं नव्हतंच. ते मायचं होतं. तिनं पाणी जाणूनबुजून घेतलं होतं. कामाच्या बदल्यात सर तिला तेवढंच द्यायला सांगत होते, की जाणूनबुजून घेतलं नाही असं म्हण.

गुरुवारी मी वाशीमला जाऊन नाही म्हणाले. सर रागावले नाहीत, नुसता श्वास सोडला. "हट्टी आहेस. मग छापणार कोण?"

"छापायचंच नाही, सर. वाचायचं आहे."

पण कुठं वाचायचं? बाया संध्याकाळी परत यायच्या त्या हाताला फोड घेऊन, आणि वंदनेत बसल्या बसल्या पेंगायच्या. शेजारची वहिनी म्हणाली, "तिथंच ये ना वाचाले. बसून आयकाले कोनाले येळ हाये? फोडता फोडता आयकू."

मी हसले, पण मायनं ते मनावर घेतलं. तिनं अंगणात एक काळा दगड घेतला, हातोडी घेतली. "वाच," म्हणाली, अगदी बा म्हणायचा तसं. मी वाचायला लागले. वाक्य अर्ध्यात असताना घाव पडला, आणि पुढचं अर्धं वाक्य गेलं. पुन्हा वाचलं. पुन्हा घाव. "काय म्हन्लं? हातोडीनं खाल्लं," माय म्हणायची.

तेव्हा माप मिळालं. हातोडी वर जाते, खाली येते. तेवढ्यात जे मावेल ते वाक्य. त्याहून लांब असेल ते दगडाबरोबर फुटतं. मी शृंखला काढल्या, निर्दालन काढलं, मूलोच्छेद काढला. माझ्या भिंतीवरचे शब्द एकेक करून खरवडल्यासारखं वाटत होतं आणि मला ते आवडत नव्हतं, हेही सांगून ठेवते. वहिनी म्हणाली, मुकादमाची बायको त्याला घरात घेत नाही, तेही लिही. मी म्हणाले, खरं असेल, पण कामाचं नाही. ती दोन दिवस माझ्यावर रुसली.

एका शब्दावर मी जास्त अडले. मी 'बौद्ध भगिनींनो' लिहिलं होतं. माय म्हणाली, "ढिगाभवती गावातल्या बाया बी अस्तात. त्याईनं कान झाकून घ्याव काय?"

"त्याईच्यासाठी नाही लिहिलं मी. त्याच तं गिलास बुडवतात."

"मनूनच त्याईले आयकू दे."

रात्रभर माझं मन मानेना. ज्यांच्यामुळं हे घडलं त्यांची सोय मी का बघावी? सकाळी मला वाटलं, ही सोय नाही. सरांनी वाक्य असं केलं होतं की ऐकणाऱ्याला ते लागू नये. माय म्हणत होती, ते असं कर की कुणाला त्यातून निसटता येऊ नये. दोघांनाही ऐकणाऱ्याप्रमाणं वाक्य बदलून पाहिजे होतं. पण एकजण त्यातून मायचा हात काढून घेत होता आणि दुसरी तो हात सगळ्यांच्या समोर धरत होती. मी 'बौद्ध भगिनींनो' काढलं. 'बायांनो' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खडी केंद्रावर गेलो. माय हजेरीत नव्हती, तरी आपल्या ढिगापाशी जाऊन बसली. मी तिच्या शेजारी. सगळीकडून घाव पडत होते. मी कागद काढला तसा मुकादम छत्री घेऊन आला.

"काय चालू हाये इथं?"

"कथा लावली, मुकादम," वहिनी म्हणाली. "बसा. परसाद भेटन."

तो खरंच थांबला. कुणाची तरी पोथी असावी असं वाटून त्यानं डोक्यावरची टोपीही सारखी केली. आणि मी वाचलं. एक घाव, एक वाक्य.

"बायांनो, मुकादमानं माह्या मायचं नाव काढलं.

तिनं पान्याले हात लावला मनून काढलं.

तिच्या हातानं दगड फुटते, थे चालते.

तिच्या हातानं रस्ता होते, थे चालते.

पानी घेतलं, तं पानी बाटते.

तिनं चुकून नाई घेतलं.

तहान लागली मनून घेतलं.

उद्या बी घेईन.

जिले पटते, तिनं हातोडी खाली ठेवावी."

कुणी 'साधू' म्हणालं नाही. आधी मायच्या ढिगाभोवतीच्या हातोड्या थांबल्या, मग त्याच्या पलीकडच्या. गावातल्या शेतकऱ्यांच्या बायांपैकी एक पोक्त बाई बराच वेळ हातोडी धरून बसली आणि मग तिनं ती मांडीवर आडवी ठेवली. खाली नाही, मांडीवर. काही हातोड्या शेवटपर्यंत चालूच राहिल्या. त्यांचा आवाज मी विसरलेली नाही आणि विसरणारही नाही.

त्या माळावर कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एवढं शांत झालं असेल. ती शांतता ऐकून तंबूतून ओव्हरशियर बाहेर आले. शहरातला माणूस, डोळ्याला गॉगल.

"काम का बंद आहे?"

मुकादम पुढं झाला, "साहेब, ही कालेजातली पोरगी..."

"साहेब," माय बसल्या जागेवरून म्हणाली, "हिनं वाचलं थे खरं हाये. तुमी बी आयका."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला साहेबांची भाषा येत होती. 'महोदय' येत होतं, 'सविनय' येत होतं. त्या क्षणी ते सगळं जिभेवर आलंही. पण मी बायांपुढं वाचलं तेच वाचलं. तेच शब्द, त्याच क्रमानं, 'मनून' आणि 'घेईन' सकट. त्यांनी पुन्हा काय म्हणून विचारलं नाही. म्हणजे कळलं होतं.

ते रस्त्याकडं पाहत उभे राहिले. पावसाच्या आधी त्यांना तो रस्ता पुरा करायचा होता. "हिचं नाव घ्या," ते मुकादमाला म्हणाले. "काम थांबता कामा नये." पाण्याबद्दल एक अक्षर नाही. ते तंबूत गेले.

माय उठली. पदर खोचला. निंबाखाली पाणी पाजणारी बाई बसली होती. तिनं सवयीनं डबडं उचललं. मायनं ओंजळ धरली नाही. ती वाकली, गिलास बुडवला, सगळ्यांदेखत प्याली, आणि उरलेलं पाणी मला दिलं. ती बाई डबडं हातात धरून पाहत राहिली आणि मग थोडी बाजूला सरकली.

दुसऱ्या दिवशी निंबाखाली दोन रांजण होते. नवा रांजण आमच्यासाठी. कुणी आणला, कुणी सांगितलं, काही कळलं नाही. आमच्या एकाही बाईनं त्याला हात लावला नाही. जुन्यातूनच प्याल्या, आपल्या हातानं. नव्या रांजणातलं पाणी उन्हाळाभर चिमण्यांनी प्यालं.

आणि आता मला सांगतात, वाचक ध्यानात ठेवून लिहा. मी ठेवतेच. ती दगड फोडत असते. तिच्याकडं दोन घावांमधला वेळ असतो. तिच्यासाठी मी भाषा हवी तेवढी बदलेन, माझे लाडके शब्द खोडेन, वाक्य दहादा तोडेन. पण 'चुकून' हा शब्द मी लिहिणार नाही. खुर्चीतल्या माणसाच्या घशात अडकला तर अडकू दे.

आता तुमचं काम. हे मनात वाचून मिटून ठेवू नका. तुमच्या घरी, गल्लीत, शेतावर वाचता न येणारं कुणीतरी आहे. नाही म्हणू नका. तुमची भांडी कोण घासतं ते बघा. तिचं काम न थांबवता तिच्या शेजारी खाली बसा आणि हे मोठ्यानं वाचा. तिला तहान लागली तर माठ दाखवा, ओतायला उठू नका. जिथं ती "म्हंजे काय?" म्हणेल, तिथं माझं वाक्य खोडा आणि तिच्या शब्दात लिहा. पण जिथं तुम्हालाच आवाज खाली करावासा वाटेल, ते वाक्य खोडू नका. ते तिच्या तोंडाकडं पाहत पुन्हा एकदा वाचा.